अ समरी झालेली जुनी खुनाची केस परत उघडता येते का? येते, पण आधी मुद्देमाल शोधा

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचा मामेभाऊ, वय १९, कॉलेजला पहिल्या वर्षाला. २००७ च्या डिसेंबरात कोल्हापूर शहराबाहेर उसाच्या फडात तोडकऱ्यांना त्याची बॉडी सापडली, डोक्यात मार, अनोळखी इसमाविरुद्ध ३०२ दाखल झाला, मित्रांना उचललं, चौकशी केली, सोडलं, आणि पुढं केस 'अ समरी' होऊन बंद. मामा वारले. मामी आता विचारतायत की केस परत चालू होईल का. एक जण म्हणतोय सीबीआय मागा, दुसरा म्हणतोय आता डीएनए आलंय चुटकीसरशी सापडेल, आणि तिसरा वरपर्यंत ओळख आहे म्हणून पैसे मागतोय.

मी खात्यातनं रिटायर झालेला माणूस, नोकरीतली बरीच वर्षं क्राईमला गेली, आता एका वकील मित्राच्या ऑफिसात बसून जुन्या फायली वाचून देतो. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आधी मुद्देमाल, म्हणजे तपासात जप्त केलेल्या वस्तू, कुठं आहेत ते शोधा. सीबीआय, मंत्री, पेपरवाले सगळं त्याच्यानंतर. कारण मुद्देमाल असेल तर केसमध्ये जीव आहे, आणि नसेल तर कितीही मोठी एजन्सी आणली तरी ती येऊन त्याच चार साक्षीदारांना परत तेच विचारणार.

आता समरीची भीती आधी काढून टाका. आपल्याकडं अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळून आला नाही. ब म्हणजे तक्रारच खोटी, क म्हणजे गैरसमजातनं दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तुमची अ आहे, म्हणजे खून झालाय हे पोलिसांनी आणि कोर्टानं दोघांनीही कागदावर मान्य केलेलं आहे, फक्त कुणी केला ते पुढं आलं नाही. खुनाला मुदत नसते, तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला लिमिटेशन लागतच नाही. आणि घटना २००७ ची असल्यामुळं कलम ३०२ च राहणार, नवीन न्याय संहितेचं १०३ लागणार नाही, कुणी वकील तसं लिहून देत असेल तर त्याला थांबवा.

पहिलं काम, कोर्टातनं केसच्या कागदांची नक्कल काढणं. फिर्याद मामांनी दिली होती असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मामी वारस म्हणून अर्ज करू शकतात, २००९ च्या शेवटापासून कायद्यात 'पीडित' म्हणजे वारससुद्धा धरलाय. ज्या जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट कोर्टानं समरी मंजूर केली तिथं नक्कल अर्ज टाका. लक्षात ठेवा, तेव्हा कोर्ट भाऊसिंगजी रोडला सीपीआर दवाखान्यासमोर होतं, आता ते कसबा बावड्याच्या न्याय संकुलात गेलंय, जुनं रेकॉर्ड शोधायला कारकुनाला वेळ लागतो, एकदा जाऊन 'मिळालं नाही' ऐकून परत येऊ नका. गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष, पोलीस ठाणं आणि समरी नंबर एवढं कागदावर घेऊन जा. माहिती अधिकारात पोलिसांकडं मागितलं तर ८(१)(ह) दाखवून तपासाला बाधा येते म्हणून नाकारतात, त्यावर भांडता येतं, पण कोर्टाची नक्कल हा सरळ रस्ता आहे, तोच धरा.

नक्कल हातात आली की बहुतेक लोक पहिल्या पानापासून वाचायला लागतात आणि रडायला लागतात. तुम्ही समरीच्या ऑर्डरची शेवटची ओळ आधी वाचा. तिथं मुद्देमालाबाबत काय लिहिलंय? 'मुद्देमाल जपून ठेवावा' असं असेल तर बरं. 'निरुपयोगी मुद्देमाल नष्ट करावा' असं असेल तरी लगेच हात टेकू नका, ऑर्डर होते पण नाश होतोच असं नाही, नाश करायला परत पंच लागतात, पंचनामा लागतो, कुणाला वेळ नसतो आणि पाकीट तसंच खोलीत पडून राहतं. म्हणून विचारायचं ते असं, नाशाचा पंचनामा झालाय का, झाला असेल तर त्याची प्रत द्या. प्रत दाखवू शकले नाहीत तर वस्तू खोलीतच असण्याची शक्यता धरून चाला.

मुद्देमाल खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जप्त केलेल्या गाड्यांचे सुटे भाग, दारूचे कॅन, कोयते, आणि एका रॅकवर खाकी कागदातली पाकिटं. पाकिटाला दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील, वर लेबल, लेबलावर गुन्हा नंबर आणि दोन पंचांच्या सह्या. रजिस्टरला प्रत्येकाचा नंबर. आपल्याकडं चार महिने पाऊस, भिंतीला ओल, उंदीर, वाळवी, त्यात २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी जिथं जिथं शिरलं तिथलं काय काय भिजलं असेल ते वेगळंच. कपडे जप्त करताना सावलीत वाळवून कागदात बांधले असतील तर सुती शर्टावरचा रक्ताचा डाग कित्येक वर्षं टिकतो. ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले असतील तर महिन्याभरात बुरशी धरते आणि मग लॅबवाले हात वर करतात. जप्ती पंचनाम्यात 'प्लास्टिक पिशवीत' का 'कागदी पाकिटात' हा एक शब्द बघायचा राहून जातो, तो बघा.

आणि दुसरी गोष्ट, वस्तू ठाण्यातच असेल असंही नाही. सीएला, म्हणजे केमिकल अॅनालायझरला पाठवलेल्या वस्तू रिपोर्ट आल्यावर परत आणायच्या असतात. बदली झालेली असते, नवीन माणसाला माहीत नसतं, आणि पार्सल लॅबलाच राहतं. म्हणून सीएला पाठवल्याचं पत्र, त्याचा जावक क्रमांक आणि परत मिळाल्याची नोंद ही तिन्ही जुळवून बघा. मामींच्या नावानं एक साधा अर्ज एसपी ऑफिसला आणि एक ठाण्याला द्या की सदर गुन्ह्यातला मुद्देमाल नष्ट करू नये, आणि त्याची सद्यस्थिती लेखी कळवावी. पोच घ्या. पण स्वतः जाऊन पाकीट दाखवा, उघडून दाखवा असा आग्रह चुकूनसुद्धा धरू नका. सील फुटलं की उद्या आरोपीचा वकील पहिला घाव तिथंच घालणार.

आता कागद कसे वाचायचे ते. सगळ्यात जुना कागद सगळ्यात खरा असतो हा माझा अनुभव, कारण पहिल्या दिवशी कुणाच्या डोक्यात थिअरी नसते. इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, आणि घटनास्थळ पंचनामा हे दोन शांतपणे वाचा आणि नंतरचे जबाब त्याच्याशी ताडून बघा. तुमच्या केसमध्ये बॉडी तोडीला आलेल्या फडात मिळाली. तोडीला आलेल्या उसाचं पाणी आधीच बंद केलेलं असतं, जमीन कोरडी, पण शेजारच्या नव्या लागणीच्या किंवा खोडव्याच्या उसाला पाणी चालू असू शकतं, आणि फडात जायचं तर त्या सरीतनं नाहीतर पाटातनं जावं लागत असेल. मग पोराच्या पायाला, चपलेला, पँटच्या काठाला चिखल होता का? पंचनाम्यात 'कपडे कोरडे' असं असेल आणि चपला बॉडीपासून लांब किंवा एकच असेल, तर पोरगा चालत गेला नाही, नेऊन टाकला असण्याची शक्यता जास्त. आणि नेऊन टाकला म्हणजे बहुतेक एकट्यानं नाही, आणि गाडी लागली असणार. १९ वर्षांच्या पोराचं वजन घेऊन उसातनं चालणं एका माणसाचं काम नाही, पाचटात खसफस होती, पानं अंगाला कापतात. नुसत्या एवढ्या एका गोष्टीनं तपासाची दिशा बदलते.

अजून एक. त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं, शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच मिळायची. लाईट रात्री म्हणजे दारं धरायला, पिकाला पाणी पाजायला, माणूस रात्री रानात. शेजारच्या रानात त्या रात्री दारं कोण धरत होतं हे कुणी विचारलंय का फाईलमध्ये बघा. जमीनमालकाचा जबाब असतो, तो म्हणतो मी घरी होतो, संपलं. पाणी पाजणारा गडी वेगळाच असतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. बॅटरीचा उजेड बघितलेला, गाडीचा आवाज ऐकलेला माणूस तोच.

तसंच तोडकरी. बॉडी बघणारे पहिले लोक तेच, पण टोळी बाहेरगावची, मार्चनंतर गावाकडं गेली, आणि जबाबावर पत्ता काय तर नुसतं तालुका-जिल्हा. अशी माणसं सापडत नाहीत असं म्हणून सोडून दिली जातात. पण टोळी हवेतनं येत नाही ना, मुकादम असतो, त्याचा करार असतो, कारखान्याच्या तोडणी-वाहतूक विभागात त्याची नोंद असते. मुकादम सापडला की टोळी सापडते. बॉडी बघितल्यावर पोलीस यायच्या आधी तिथं कोण कोण येऊन गेलं, कुणी काय उचललं, हे तेच सांगू शकतात.

मोबाईलचं विचाराल तर २००७ मध्ये पोराकडं फोन होता असं तुम्ही लिहिलंय. कंपनीकडं आता काही मिळणार नाही, तेव्हा रेकॉर्ड वर्षभरच ठेवायचं बंधन होतं, २०२१ च्या शेवटी ते दोन वर्षं झालं. त्यामुळं तेव्हा फाईलला जी सीडीआरची, म्हणजे कॉलच्या नोंदींची, प्रिंट लावली असेल तेवढीच. ती प्रिंट जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या सर्टिफिकेटशिवाय कोर्टात पुरावा म्हणून टिकवणं अवघड, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये खोतकर-गोरंट्याल प्रकरणात ते पक्कं केलंय, पण दिशा मिळवायला कुणी अडवत नाही. शेवटचे आठ-दहा कॉल ज्यांचे आहेत त्या सगळ्यांचे जबाब फाईलला आहेत का एवढं ताडून बघा. एखादा नंबर राहिलेला असतो, आणि तो का राहिला हा प्रश्न अर्जात लिहिता येतो.

डीएनएबद्दल जरा स्पष्ट बोलतो कारण सगळे तिथंच अडकतात. अमेरिकेत २०१८ मध्ये त्या गोल्डन स्टेट किलरला वंशावळीच्या वेबसाईटवरनं नातेवाईक जुळवत पकडलं, ते व्हिडिओ बघून लोक येतात. आपल्याकडं तसा साठाच नाही. गुन्हेगारांच्या डीएनएची राष्ट्रीय बँक करायचं जे बिल २०१९ ला आणलं ते २०२३ मध्ये सरकारनं मागं घेतलं. म्हणजे आपल्याकडं डीएनए संशयित आधी असेल तर हो किंवा नाही सांगतो, कोण ते शोधून देत नाही. तरी उपयोग मोठा आहे, कारण तेव्हाचा सीए रिपोर्ट पुष्कळदा 'मानवी रक्त, गट निश्चित करता आला नाही' एवढ्यावरच संपलेला असतो, आणि आता त्याहून कितीतरी कमी डागातनं प्रोफाईल निघतं. पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेमच्या नोट्सच्या शेवटी बघा काय काय राखून ठेवलं होतं, नखं होती का, हातात केस होते का. झटापट झाली असेल तर नखं सोन्याहून महाग. व्हिसेरा, म्हणजे पोस्टमॉर्टेममध्ये काढून ठेवलेले आतले अवयव, फॉर्मलिनमध्ये ठेवला असेल तर त्यातनं डीएनए निघणं अवघड, त्याच्यावर आशा ठेवू नका.

माझं विचाराल तर अशा केसमध्ये डीएनएपेक्षा बोटांचे ठसे जास्त कामाचे, आणि लोक त्याबद्दल विचारतच नाहीत. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो कलकत्त्याला १८९७ मध्ये निघालं, आपली सवय जुनी आहे. तेव्हा घटनास्थळी बाटली, फोन, गाडीचा आरसा यावरनं चान्स प्रिंट, म्हणजे तिथं राहिलेले ठसे, उचलले असतील आणि कुणाशी जुळले नसतील, तर तेव्हा तुलना हाती असलेल्या संशयितांशीच झाली असेल. २०२२ पासून नाफिस आलंय, देशभरातल्या अटक झालेल्यांचे ठसे एका ठिकाणी, महाराष्ट्राची अँबिस सिस्टीम त्याच्या आधीपासून आहे. तेव्हाचा तो माणूस मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात, अगदी मारामारीत जरी अटक झाला असेल तरी त्याचे ठसे आत असू शकतात. जुना चान्स प्रिंट नाफिसला टाकून बघावा, अशी मागणी अर्जात वेगळ्या मुद्द्यानं लिहा. खर्च नाही, कोर्टाची ऑर्डर लागत नाही, तपास अधिकाऱ्याच्या एका पत्राचं काम आहे.

साक्षीदारांचं काय. १९ ची पोरं आता ३७-३८ ची झाली. कुणाची दोस्ती तुटली, कुणाचा धंद्यात वाद झाला, कुणाचा बाप जो तेव्हा दबाव टाकत होता तो गेला. जुन्या केसेस सुटतात त्या जास्त करून अशानं, तेव्हा गप्प बसलेला कुणीतरी बोलतो. पण बोलायला लावायचं काम तुमचं नाही ताई. तुम्ही किंवा मामींच्या घरचे जर त्या मित्रांच्या दारात गेला, फोन रेकॉर्ड केले, तर उद्या तो 'पढवलेला साक्षीदार' ठरतो. कुणी आपणहून बोलायला तयार असेल तर त्याचा जबाब तपास अधिकाऱ्यामार्फत मॅजिस्ट्रेटसमोर करून घ्यायचा, जुन्या सीआरपीसीचं कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेत १८३. इतकी वर्षं का गप्प होता याचं कारण त्याच्याच शब्दात त्यात आलं पाहिजे, नाहीतर उलटतपासात तिथंच पडतो. भीती असेल तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो, २०१८ ची योजना आहे आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदाही आहे. तुमच्या मामेभावाची जी मैत्रीण होती म्हणून लिहिलंय, तिचं आता लग्न-संसार असेल, तिच्या सासरी कुणी जाऊन धडकू नका, तिचं नाव अर्जात द्या आणि महिला अधिकाऱ्यामार्फत विचारावं असं लिहा, बास. आणि फेसबुकवर संशयिताचा फोटो तर अजिबात टाकायचा नाही, ओळख परेड कायमची बाद होते आणि अब्रूनुकसानीची नोटीस फुकट मिळते. नार्कोचं डोक्यातनं काढा, २०१० च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय करताच येत नाही.

कायद्याचा रस्ता असा. अर्जात 'फेरतपास' मागू नका, 'पुढील तपास' मागा. पहिला सगळा तपास पुसून नव्यानं करा असं सांगायचा अधिकार हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टालाच आहे, विनय त्यागीच्या निकालात ते आलंय, पण पुढील तपास पोलीस स्वतःहून करू शकतात, जुनं १७३(८), १ जुलै २०२४ पासून १९३(९). समरी मंजूर झाली म्हणून दार बंद होत नाही, २०२३ मध्ये हेमेंद्र रेड्डी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मंजुरीची ऑर्डर आधी रद्द करून घ्यायचीसुद्धा गरज नाही. अजून एक कागद शोधा, समरी मंजूर करायच्या आधी मामांना नोटीस बजावली होती का? १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून फिर्यादीला ऐकल्याशिवाय केस बंद करता येत नाही. नोटीस नसेल तर तो तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा.

अर्ज एसपींना द्या, तपास एलसीबीकडं, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेकडं, द्यावा असं लिहा, आणि नुसतं 'न्याय मिळावा' असं नको, न विचारलेली माणसं, न जुळवलेले ठसे, न तपासलेल्या वस्तू असे मुद्दे नंबर टाकून लिहा. अधिकारी वाईट नसतो हो, त्याच्यापुढं रोजचा बंदोबस्त, गणपती, निवडणूक असती, त्याला काम करायला हातात धरता येईल असं काहीतरी द्या. तिथं हालचाल नाही झाली तर मॅजिस्ट्रेट, आणि मग हायकोर्ट. पूर्वी त्यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात बसतंय. कोर्टांपैकी सीबीआय फक्त हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट देऊ शकतं, तेही अपवाद म्हणून, आणि वरचे अर्ज न करता गेलात तर पहिला प्रश्न तोच येणार की स्थानिक पोलिसांना काय दिलं होतं ते दाखवा. चिकाटीनं होत नाही असं नाही. आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या अश्विनी बिद्रे-गोरे २०१६ च्या एप्रिलमध्ये बेपत्ता झाल्या, मुख्य आरोपी स्वतः पोलीस इन्स्पेक्टर, त्याला २०१७ च्या डिसेंबरात अटक झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये पनवेल कोर्टानं जन्मठेप दिली. बॉडी सापडलीच नाही तरी. घरचे मागं लागले म्हणून ते झालं.

एक कडू गोष्ट सांगून ठेवतो, मामींना तुम्ही तुमच्या पद्धतीनं सांगा. मित्रांपैकी कुणी तेव्हा १८ च्या आत असेल आणि तोच निघाला, तर आज तो दोन पोरांचा बाप असला तरी केस बाल न्याय मंडळापुढं जाते, २०१५ च्या कायद्याचं कलम ६ तसंच आहे. जन्मठेप वगैरे विसरा. नाव कळेल, खरं काय झालं ते कळेल, पण शिक्षा म्हणाल तर नावाला. काही घरांना तेवढंही पुरतं, काहींना नाही, ते आधी ठरवून मग पुढं जावं.

पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, वर लिहिलेल्यातल्या एकाही कामाला वशिला लागत नाही. मामी महिला आहेत, त्यांना उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, हायकोर्टापर्यंत, विधी सेवा कायद्यात ते आहे. आणि आरोपी सापडलाच नाही, खटला झालाच नाही, तरीसुद्धा वारसांना नुकसान भरपाईचा अर्ज करता येतो, जुनं ३५७अ, आता ३९६, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलेलं दिसत नाही. उशीर झालाय म्हणून त्यासोबत विलंब माफीचा अर्जही जोडा. दोन्हीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जायचं, बावड्यालाच, जाताना मृत्यूचा दाखला, एफआयआरची नक्कल, समरीची ऑर्डर, वारसाचा पुरावा आणि मामींचं आधार एवढं न्या.